उलट्या रांगेचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच कीव करू नका. माझा एकही कोपरा उडालेला नाही, अंगावरची रेघ न् रेघ शाबूत आहे आणि या चित्रदालनात सगळ्यात जास्त गर्दी माझ्यासमोर होते. हे मी सांगत नाही, दारावरचा पहारेकरी सांगतो. तो दिवसभर इथे उभा असतो आणि खोटं बोलायचा त्याला पगार मिळत नाही.

दालनात सध्या चित्रकथांचं प्रदर्शन भरलं आहे. चित्रकथा म्हणजे चौकटी-चौकटींतून सांगितलेली गोष्ट. पण इथल्या गोष्टी परीच्या आणि राक्षसाच्या नाहीत. एका भिंतीवर गिरणीतल्या बायका आहेत, ज्यांची पाणी प्यायची सुट्टी मुकादमाने बंद केली. दुसऱ्या भिंतीवर एक पुढारी आहे. तो इतकी वर्षं एकाच जागी बसला की त्याला खुर्चीचे पाय फुटले. खिडकीजवळ एका नदीची लांबलचक गोष्ट आहे, रंगाच्या कारखान्याने ती काळी कशी केली त्याची. ही चित्रं काढणाऱ्यांपैकी काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींचे अंक जप्त झाले. कागदांवर अजून पेन्सिलीच्या रेघा दिसतात, चूक झाकायला फासलेला पांढरा रंगही दिसतो. मी मात्र कागद नाही. ज्याच्यावरून कागद छापतात ते मी लाकूड आहे, आणि माझ्या अंगावरची चूक कुणाला झाकता आली नाही.

जन्माने मी कपाटाचं दार. एका गिऱ्हाइकाने कपाट करायला सांगितलं, स्वतः गाव सोडून गेलं आणि परत आलंच नाही. मग कपाट हळूहळू सुटं होत गेलं. फळ्या गेल्या, पाय गेले, आणि मी तेवढा दुकानातल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. दुकान ठोक्याचं होतं. ठोक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून हातात हातोडी आणि दिवसभर ठोकठोक, म्हणून थोरल्या बहिणीने ठेवलेलं नाव, ते पुढे सगळ्या गावाने उचललं. पलंगाला वेलबुट्टी हवी असो, दाराला मोर हवा असो की कापड छापायला ठसे, जे सांगाल ते तो कोरून देई. बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिची पेन्सिल आणि त्याची छिन्नी, या दोघांमुळे मी आज जो आहे तो आहे.

त्या गावात कालव्याच्या काठाला एक वस्ती होती. लोकांचे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून पोट भरणारी माणसं तिथे राहत. नगरपालिकेने तिथूनच रुंद रस्ता न्यायचं ठरवलं. मोजणी करणारे साहेब आले, फीत लावून गेले आणि दारांवर खडूने फुल्या मारून गेले. वस्तीतली पुष्कळ मुलं ताईच्या वर्गात होती. एकदा तिने त्यांना ‘माझं घर’ हा विषय दिला, तर प्रत्येकाने घर काढलं आणि दारावर न विसरता फुली काढली. ताईने सगळ्या वह्या गोळा केल्या आणि शाळा सुटल्यावर ती घरी न जाता सरळ भावाच्या दुकानात आली.

तिथेच बसून तिने चार चौकटींची गोष्ट काढली. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पहिल्या चौकटीत घराच्या पायरीवर एक आई मुलीची वेणी घालते आहे आणि म्हणते आहे, “हे बघ, हेच आपलं घर.” दुसऱ्या चौकटीत मोजणीवाले साहेब, हे भलंमोठं नाक, कानावर पेन, हातात फीत. ते म्हणतात, “एवढीच जागा लागेल.” तिसऱ्या चौकटीत धुरळा, अर्धी भिंत आणि समोर अजस्र यंत्र. आई हात वर करून म्हणते आहे, “अहो, जरा थांबा.” चौथ्या चौकटीत नुसतं मोकळं मैदान आहे, आणि काखेत गाठोडं घेतलेली मुलगी विचारते आहे, “आई, आपलं घर कुठं गं?”

साधी, सरळ, रडवणारी गोष्ट. अशा गोष्टी तेव्हा बऱ्याच निघत होत्या.

ठशाचं शास्त्र सोपं आहे, पण डोकं फिरवणारं आहे. माझ्या अंगावर जे डावीकडे असेल ते कागदावर उजवीकडे उमटतं. म्हणून अक्षरं उलटी कोरावी लागतात. त्यासाठी चित्र पातळ कागदावर काढतात, कागद पालथा करून लाकडावर चिकटवतात आणि पाठीमागून दिसणाऱ्या रेघांवरून छिन्नी चालवतात. ठोक्याचा यात हातखंडा होता. पण ताईने चार चौकटी चार सुट्या कागदांवर काढल्या होत्या. ठोक्याने एकेक कागद घेतला, इमानेइतबारे पालथा केला आणि माझ्यावर ओळीने चिकटवला. पहिला डावीकडे, मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. वाचतो तसं. घोडं पेंड खातं ते इथेच. कागद पालथे झाले, पण रांग उलटायची राहून गेली.

तुम्ही विचाराल, छापताना कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? घाई होती. सुनावणी तोंडावर आली होती आणि सगळ्यांची नजर अक्षरांवर होती. ताईने पहिला कागद उचलला, काना-मात्रा तपासल्या, वेलांट्या तपासल्या आणि मान डोलावली. मग बहीण-भावाने मिळून गठ्ठाच्या गठ्ठा छापला. वस्तीतल्या माणसांनी खळ करून बाजारात, शाळेच्या कुंपणावर, दवाखान्याच्या भिंतीवर, जागा दिसेल तिथे पत्रकं डकवली.

दुसऱ्या दिवशी ताई बाजारातून दुकानात आली ती हातातलं पत्रक रागाने नाचवतच. कारण गोष्ट शेवटापासून सुरू होत होती. आधी मोकळं मैदान आणि ‘आपलं घर कुठं गं?’ विचारणारी मुलगी. मग धुरळ्यात आई यंत्राला म्हणते, जरा थांबा, आणि ते जणू थांबतं. मग नाकवाले साहेब फीत लावून म्हणतात, एवढीच जागा लागेल. आणि शेवटी पायरीवर बसून वेणी घालणारी आई, हे बघ, हेच आपलं घर. माझ्या अंगावर घर पडतं, मित्रांनो, आणि कागदावर तेच घर उभं राहतं. एका अक्षराचाही फरक नाही.

“अक्षरं वाचता येतात, रांग वाचता येत नाही तुला?” ताई म्हणाली.

“चार सुटे कागद देतं का कुणी?” ठोक्या म्हणाला. “सलग काढलं असतंस तर सलगच उलटलं असतं मी. मला काय स्वप्न पडणार होतं?”

तुझी चूक, नाही तुझी चूक, असं बराच वेळ चाललं. दोघंही तोंडाची खंबीर. एवढ्यात वस्तीतली एक बाई धुण्याचं बोचकं घेऊन दारात उभी राहिली. बाजारात लोक थांबून थांबून वाचताहेत, शेवट फार चांगला केलात, असं म्हणाली आणि आणखी पत्रकं आहेत का विचारू लागली. ताईने ठोक्याकडे पाहिलं, ठोक्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून पुन्हा शाई कालवली.

पुढे मोर्चे निघाले, सुनावण्या झाल्या, वकिलांनी घसे कोरडे केले. शेवटी कुणास ठाऊक कशी, पुन्हा मोजणी झाली आणि रस्ता वस्तीला वळसा घालून गेला. एकट्याने वस्ती वाचवली असं मी म्हणणार नाही. पण माझा त्यात हात नव्हता असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. एका मासिकात माझं चित्र छापून आलं. विध्वंसाची गोष्ट उलट सांगण्याची ही कल्पना किती थोर, असं कुणीतरी पानभर लिहिलं होतं. ते लिहिणारे गृहस्थ ताईला भेटायलाही आले. कल्पना कशी सुचली, असं त्यांनी विचारलं. ताईने क्षणभर विचार केला आणि ती म्हणाली, मुलांची चित्रं पाहून सुचली. इकडे दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली तेव्हा ठोक्याही छाती पुढे काढून सांगू लागला की रांग आपणच मुद्दाम फिरवली, ताईला तर आधी पटलंच नव्हतं. चूक होती तेव्हा ती दोघांनी एकमेकांच्या अंगावर ढकलली. कौतुक झालं तेव्हा त्या चुकीचीच कल्पना झाली आणि ती दोघांना एकेकट्याला हवीशी वाटू लागली.

गाव लहान. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? एका लग्नात, ऐन पंगतीत, कुणीतरी ठशाचा विषय काढला. ताई म्हणाली, छिन्नी काय कुणीही चालवतं. ठोक्या म्हणाला, कागदावरची चित्रं पावसात विरघळतात. जेवणं अर्धी टाकून दोघं उठली. ताईकडे पहिला छापलेला कागद होता, ठोक्याकडे मी होतो. तो तिच्याकडे राहिला, मी याच्याकडे राहिलो, आणि बहीण-भावाचं बोलणं बंद झालं ते झालंच.

मला त्या वर्षांबद्दल फार बोलायला आवडत नाही. ठोक्याच्या बायकोने मला पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. माझ्या अक्षरांत पीठ बसलं, मोजणीवाल्या साहेबांच्या नाकात तर मूठभर बसलं. मुलाच्या लग्नात माझ्या पाठीवर भांडी मांडली. वाईट वाटायचं. मी ज्या कामासाठी कोरला गेलो ते काम दुसऱ्या कुठल्याही लाकडाला जमलं नसतं आणि झाकणाचं काम कुठल्याही फळीला जमलं असतं. ठोक्या येताजाता माझ्यावर हात फिरवायचा, पण मला खाली उतरवून शाई लावावी असं त्याने एकदाही मनात आणलं नाही. एकदा त्याच्या मुलाने मला फोडून स्टूल करायचं काढलं, तेव्हा मात्र म्हातारा असा खेकसला की करवत मुलाच्या हातातून पडली.

मग एके दिवशी एक बाई मला शोधत आली. या प्रदर्शनाची मांडणी तीच करत होती, म्हणून आपण तिला मांडणीबाई म्हणू. तिने आधी ताईचं घर गाठलं होतं. तिथे कागद मिळाला आणि कल्पना ताईची असल्याचं कळलं. ठोक्याच्या घरी मी मिळालो आणि कल्पना ठोक्याची असल्याचं कळलं. मांडणीबाई हुशार. तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दोघांना वेगवेगळं सांगितलं, की चित्राखाली कार्ड लागेल, त्यावर ही कल्पना कुणाची ते एकच नाव येईल. उद्घाटनाच्या दिवशी दोघांनी येऊन एकमताने सांगा. नाही सांगितलं तर मी ‘अज्ञात’ असं लिहीन.

अज्ञात! माझ्यासारख्याला! मी तर त्या शब्दानेच अर्धा झिजलो.

दालनात आणल्यावर मला मऊ ब्रशने साफ केलं. पीठ निघालं, जुनी शाई तशीच ठेवली. भिंतीवर पेन्सिलीचे ठिपके देऊन, पाणसळीने पातळी बघून ताईचा कागद टांगला आणि त्याच्या शेजारी लाकडी घोडीवर मला उभं केलं. कित्येक वर्षांनी आम्ही दोघं शेजारी आलो होतो. खाली कोरं कार्ड होतं.

उद्घाटनाला ताई लवकर आली. हातात काठी, अंगावर कडक इस्त्रीची साडी. ठोक्या उशिरा आला, जाड भिंगाचा चष्मा सावरत. ताई कागदासमोर उभी राहिली, ठोक्या माझ्यासमोर. मध्ये एका माणसाची जागा सोडली आणि दोघंही समोर बघत राहिली. मांडणीबाई पेन घेऊन बाजूला थांबली होती. माझ्या मनात आलं, आता हे दोघं माझं नाव मातीत घालणार.

तेवढ्यात त्या मोकळ्या जागेत एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. उंच, वाकलेले, आणि मित्रांनो, नाक हे भलंमोठं. मी त्यांना बघताक्षणी ओळखलं. का नाही ओळखणार? ते नाक इतकी वर्षं मी अंगावर वागवतो आहे. ठोक्यानेही चष्मा वर केला आणि तो एक पाऊल मागे सरकला.

“माझं नाक एवढं मोठं नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. “बरं, असेल.”

ते ताईकडे वळले आणि सांगू लागले. वस्तीची मोजणी त्यांनीच केली होती. तेव्हा कचेरीत रोज पत्रकं येत. कुणी त्यांना राक्षस केलेलं असे, कुणी कोल्हा. ते न वाचता टोपलीत टाकत, कारण शिव्या वाचायचा पगार मिळत नाही असं ते शिपायाला सांगत.

“हे पत्रक मात्र कचेरीत आलं नाही,” ते म्हणाले. “माझ्या मुलीनं शाळेच्या कुंपणावरून सोडवून घरी आणलं. वाचायला नुकतीच शिकली होती. मला नाकावरून ओळखलं तिनं. मांडीवर बसली, एकेक चौकट बोटानं दाखवून वाचली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही त्या मुलीला घर बांधून देताय?”

त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

“काय सांगणार होतो मी तिला? हो म्हणालो. रस्ता थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण पुन्हा मोजणी मागणं हातात होतं, ते मी केलं. तुम्ही मला आणखी एक शिवी दिली असती ना, तर टोपलीत गेली असती. म्हणून विचारायला आलो. हे असं उलटं सांगायचं डोकं कुणाचं?”

मांडणीबाईने पेनाचं टोपण काढलं. ताईने ओठ ओले केले. माझ्या लाकडाची शिर न् शिर ताठ झाली. हे यश घ्यायला आता नुसता एक शब्द पुरे होता, आणि तो आधी कोण उच्चारतो एवढाच प्रश्न होता.

“चूक होती ती, साहेब,” ठोक्या म्हणाला. “माझी. रांग उलटायची राहिली. आम्हाला तुम्ही घर पाडताय असंच चित्र काढायचं होतं.”

“याचं काही ऐकू नका,” ताई म्हणाली. “चार सुटे कागद मी दिले. सलग दिला असता तर हा कशाला चुकतोय? याचा हात कधी चुकत नाही.”

“अगं, पण चिकटवले कुणी?”

“दिले कुणी पण?”

“ताई, तू गप्प बैस. चूक माझी आहे.”

“तू गप्प बैस, ठोक्या. मोठी मी आहे.”

साहेब आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. सगळं दालन बघत राहिलं. तेच भांडण, तीच दोन माणसं, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होती. ताई रडत होती आणि रडताना त्याला रागावत होती. ठोक्याने तिच्या हातातली काठी घेतली आणि तिला बाकावर बसवलं. मी लाकूड आहे, ओल मला लगेच कळते, आणि त्या दिवशी दालनातली हवा ओली होती.

मांडणीबाईने कार्ड लिहिलं. ते आजही माझ्या पायाशी आहे, वाचून बघा. ‘चित्र बहिणीचं. कोरीव काम भावाचं. चौकटींचा क्रम दोघांच्या चुकीने.’

मित्रांनो, या दालनात धाडसी माणसांची पुष्कळ कामं आहेत. सत्तेला खडे बोल सुनावणं सोपं नसतं, ज्यांनी ते केलं त्यांच्यापुढे मीही मान लववतो. पण यश समोर हात जोडून उभं असताना ‘ही माझी चूक’ असं म्हणायला जे लागतं, ते मी त्या संध्याकाळी दोन म्हाताऱ्यांमध्ये पाहिलं. म्हणून अंगावरच्या चुकीपायी मी आता मान खाली घालत नाही.

आता माझं एक मागणं. आम्हा जुन्या ठशांना फोडू नका, पिंपावर ठेवू नका, ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. काचेत बंद करून ठेवलंत तरी आम्ही मरतो. आम्हाला शाई लागते आणि माणसं लागतात. दर रविवारी ताई आणि ठोक्या इथे येतात आणि मला शाई लावतात. ताईचा हात कापतो, ठोक्याला नीट दिसत नाही. म्हणून ती डोळे होते आणि तो हात होतो. तुम्हीही या. येताना हात स्वच्छ धुऊन या. आणि घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर त्यालाही सोबत घेऊन या. कागद सरकू न देता धरायला एक माणूस लागतो आणि शाई उठावी म्हणून चमच्याच्या पाठीने तो घासायला दुसरा लागतो. एकट्याने आलात, तर मी नीट उमटणार नाही.